ब्लॉकमुळे बधीर पाय की आतून आवळला जाणारा पाय?

इंदूरजवळ राऊकडच्या बायपासवर बाइक घसरली, नडगी मोडली, ऑपरेशन करून आत रॉड घातला. दुखू नये म्हणून गुडघ्यामागे नर्व्ह ब्लॉक, म्हणजे नस बधीर करणारं इंजेक्शन, दिला. रात्री बोटं हलेनात, तर घरचे म्हणतात, 'ब्लॉक आहे, उतरेल.' बहुतेक वेळा तसंच असतं. पण कम्पार्टमेंट सिंड्रोममध्येही, म्हणजे स्नायूंच्या बंद कप्प्यात दाब वाढतो तेव्हाही, बोटं अशीच बधीर पडतात, आणि रॉड बसला म्हणजे तो धोका टळला असं नाही. तरुण पुरुषांत तो जास्त.

नडगीभोवतीचे स्नायू चार बंद कप्प्यांत असतात. कप्प्यांचं आवरण ताणलं जात नाही. त्यामुळे आत रक्त साचलं, सूज आली की दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि साधारण सहा तासांत स्नायू कायमचे मरू लागतात. पावलावरची नाडी मात्र तेव्हाही लागते. तिच्यावर विसंबू नये.

ब्लॉकची बधीरता सुईनंतर अर्ध्या तासात येते आणि ओसरत जाते. ०.५ टक्के ब्युपिवॅकेन हे बधीर करणारं औषध असेल तर १२ ते २४ तास धरा. उतरू लागलेली बधीरता पुन्हा चढली, किंवा वेळ उलटूनही गेली नाही, तर ती ब्लॉकच्या खाती टाकू नका. सर्वांत बोलकी खूण म्हणजे ब्लॉक चालू असतानाही फुटून येणारं दुखणं: वेदनाशामक पुरत नाही, पोटरी कडक लागते, बोटं हलकेच वर ओढली किंवा खाली दाबली की पेशंट कळवळतो. गाढ ब्लॉकमध्ये हीच कळ झाकली जाते. म्हणून नडगीसाठी ०.१ ते ०.२५ टक्के असं सौम्य औषध बरं, आणि रात्रभर तासातासाला तपासणी हवीच.

नर्सबाईंना नुसतं 'पैर सुन्न है' सांगू नका; 'ब्लॉक के बाद भी दर्द बढ़ रहा है, उंगलियाँ मोड़ने पर और' असं सांगा. प्लास्टर असेल तर ते आतल्या कापसासकट कातडीपर्यंत चिरून घ्यायला लावा. पाय हृदयाच्या पातळीवर ठेवा, उशांवर उंच नाही. डॉक्टर कप्प्यातला दाब मोजतात. खालचं बीपी वजा तो दाब पाऱ्याच्या ३० मिलिमीटरच्या खाली राहत असेल, तर आवरण चिरून कप्पे मोकळे करावे लागतात.

खुब्याचं हाड मोडलेल्या आजींची गोष्ट निराळी. त्यांना जांघेजवळ फॅशिया इलियाका नावाचा ब्लॉक देतात. तिथे हा धोका अगदी क्वचित. नडगीची भीती दाखवून त्यांचा ब्लॉक अडवू नये.