भरलेला पेला आणि भरलेलं माप

विदर्भातल्या तालुक्याच्या गावी बारमध्ये बसलेलं गिऱ्हाईक सुटा पेग क्वचितच मागतं. ते क्वार्टर मागतं, तीही सीलबंद, आणि सील आपल्या डोळ्यांसमोर तोडायला लावतं. बीअर असेल तर ६५० मिलीची बाटली टेबलावर येते, ती थंड आहे का हे हाताने चाचपलं जातं आणि मगच बूच उडतं. माप पाहायचं नाही, सील पाहायचं, ही सवय इथे खोलवर मुरली आहे. त्यामुळे जिथे सील नसतंच अशी नळाची बीअर समोर आली की पेल्यात नेमकं किती आलं हे कुणी विचारत नाही.

सीलवरच्या या भरवशाचं मूळ सुट्या दारूत आहे. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात मोहफुलाची दारू हा सरकारी उत्पन्नाचा मोठा स्रोत होता. इंग्रजी अमलात आधी आउटस्टिल पद्धत होती. ठेकेदाराने लिलावात ठेका घ्यायचा, गावाजवळ भट्टी लावायची आणि तिथेच विकायची. त्या दारूची तीव्रता किती असावी यावर कुणाचं नियंत्रण नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही पद्धत मागे पडत गेली. ठरलेल्या डिस्टिलरीतून ठरलेल्या तीव्रतेची दारू दुकानात येऊ लागली आणि ती तीव्रता मोजणारा हायड्रोमीटर आला. पण दुकानात आल्यावर ती पुन्हा सुटीच. पिंपातून मापाने काढायची आणि गिऱ्हाइकाच्या भांड्यात ओतायची. पिंप आणि भांडं यांच्यामधल्या दोन हातांच्या अंतरात माप कमी भरायलाही वाव होता आणि पाणी घालायलाही.

दारूपुरताच हा प्रश्न नव्हता. धान्याला पायली, शेर, मापटं, चिपटं होतं, तर दूध-तेलाला बुडवून काढायची मापं होती. एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीइतकी भरेलच असं नव्हतं. मापाचा तळ आतून उचललेला, कड चेपलेली, तळाला मेणाचा थर, या क्लृप्त्या बाजाराच्या दिवशी सगळ्यांना ठाऊक असत. १९५६ च्या वजनमापे कायद्याने मेट्रिक पद्धत आणली आणि १९६२ पर्यंत जुनी मापं कायद्यातून बाद झाली. विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा पुढे इकडेही लागू झाला. देशी दारूसाठी १९७३ चे नियम आले, आणि परवान्याच्या दुकानात मिळणारी देशी सीलबंद बाटलीतून येऊ लागली. मापाची जबाबदारी दुकानदाराच्या हातातून बाटली भरणाऱ्या कारखान्याकडे गेली. गिऱ्हाइकासाठी हा बदल फार मोठा होता, आणि त्याची नोंद फारशी कुणी घेतलेली दिसत नाही.

बाटलीचे आकडे मात्र इंग्रजी मापांच्या सावलीतले आहेत. अबकारी खात्याच्या भाषेत ७५० मिली म्हणजे क्वार्ट, ३७५ म्हणजे पिंट आणि १८० म्हणजे निप. लोकांच्या तोंडी तेच खंबा, अद्धा आणि क्वार्टर. ७५० चा खरा चौथा हिस्सा १८७.५ होतो. १८० चा आकडा पेगला सोयीचा आहे: ३० मिलीचे सहा स्मॉल किंवा ६० चे तीन लार्ज. बीअरमध्ये घोळ आणखी वाढतो. इथे पिंट म्हणजे ३३० मिलीची बाटली, इंग्लंडमध्ये पिंट ५६८ मिलीचा, तर अमेरिकेत ४७३ चा. मेनूकार्डावर नुसतं ‘पिंट’ छापलं असेल तर आकडा विचारूनच ऑर्डर द्यावी.

सीलबंद बाटलीतही थोडी सूट कायद्याने दिली आहे. २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांनुसार एकट्या बाटलीत चालणारी जास्तीत जास्त तूट ६५० मिलीला १५ मिली, ३३० ला ३ टक्के म्हणजे सुमारे १० मिली आणि १८० ला ४.५ टक्के म्हणजे ८ मिलीच्या आसपास आहे. पण अनेक बाटल्यांची सरासरी छापील आकड्याच्या खाली जाता कामा नये. बीअरच्या पेटीत १२ बाटल्या असतात. त्या शेजारी शेजारी उभ्या करून मानेतली पातळी पाहिली की एखादी कमी भरलेली लगेच उठून दिसते. मानेत रिकामी जागा असणं ही लबाडी नव्हे. उन्हात बीअर प्रसरण पावते, तिला जागा लागतेच. मे महिन्यात टिनाच्या शेडखाली ठेवलेल्या पेट्यांना तर लागतेच लागते.

सुट्या पेगमध्ये दोन वेगळे धोके आहेत: माप कमी, किंवा माप पुरतं पण कस कमी. विदेशी मद्याच्या बाटलीवर अल्कोहोलचा ४२.८ टक्के हा आकडा असतो. तीव्रता सांगण्याच्या जुन्या प्रूफ पद्धतीत १०० प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के, आणि त्याच्या पाऊण म्हणजे ४२.८. उघड्या खंब्यात पाणी घातलं की हा आकडा घसरतो आणि जिभेला ते नक्की सांगता येत नाही. मापाच्या बाजूने पाहायचं तर ३०-६० चं दुतोंडी पेगमाप तळाशी चेपलेलं असतं, काठापर्यंत भरत नाहीत, किंवा बर्फ आधी टाकून त्यावर ओततात, म्हणजे पेला भरल्यासारखा दिसतो. मापावर वैध मापन खात्याचा, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, शिक्का हवा. पडताळणी दोन वर्षांनी करायची असते आणि शिक्क्यात वर्ष व तिमाही असते. शिक्का नसलेलं माप टेबलावर आलं तर सीलबंद क्वार्टर मागणं हाच शहाणपणा.

दारूबंदीच्या जिल्ह्यांत तर सीलसुद्धा भरवशाचं राहिलं नाही. वर्ध्यात १९७० च्या दशकापासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ अशी होती. बंदीत माल थांबला नाही, मापाची तपासणी मात्र थांबली. सुटी मोहाची प्लास्टिकच्या पिशवीत, बाहेरून आलेली बाटली छापील किमतीच्या कितीतरी वर, आणि आत काय आहे ते देव जाणे. तक्रार करायची तर आधी स्वतःचाच गुन्हा कबूल करावा लागतो.

आता नळाची बीअर. पुण्यात २००९ मध्ये मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बीअर बनवून विकणारं छोटं केंद्र, सुरू झाल्यावर हा प्रकार राज्यात हळूहळू पसरला. खेड्यापाड्यात तो अजून विरळाच. हायवेवरचं एखादं रिसॉर्ट, फार्महाऊसवरची एखादी पार्टी. इंग्लंडमध्ये मात्र हा वाद शतकांचा आहे. तिथे सतराव्या शतकाच्या अखेरीस कायद्याने मद्यगृहातल्या मापांवर राजमुकुटाचा शिक्का आला. फेस मापात धरायचा की नाही हे भांडण तरीही मिटलं नाही. तिथल्या व्यवसायाने स्वतःसाठी घालून घेतलेला दंडक असा की फेस बसल्यावर पेल्यात किमान ९५ टक्के द्रव हवा. जर्मनीत हा प्रश्न सरळ सोडवला आहे: पेला मापापेक्षा मोठा आणि काचेवर ०.५ लिटरची रेघ. बीअर रेघेपर्यंत, फेस रेघेच्या वर. आमच्या मते यापेक्षा चांगला उपाय नाही, आणि त्याला खर्चही जवळपास नाही.

रेघ का हवी हे हिशेबाने पाहू. ५०० मिलीला काठोकाठ भरणारा पेला घ्या, तोंडाचा व्यास साडेसात सेंटिमीटर. वर तीन सेंटिमीटर फेस आला तर त्याने सुमारे १३२ मिली जागा घेतली. फेसात जेमतेम चौथा हिस्सा बीअर धरली तर ३३ मिली परत मिळतात. तूट सुमारे १०० मिली, म्हणजे पाचवा हिस्सा.

दरवेळी यामागे लबाडी असते असं नाही. विदर्भातल्या उन्हाळ्यात फेस आपोआप होतो. बीअर केगमध्ये, म्हणजे धातूच्या बंद पिंपात, ३-४ अंशांवर असते, पण केग ते नळ ही नळी ४४ अंशांच्या खोलीतून जाते. त्यात साचलेली बीअर गरम होते, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि बराच वेळ बंद असलेल्या नळाचा पहिला पेला जवळपास सगळा फेसाचा निघतो. तो टाकून द्यायचा असतो, गिऱ्हाइकाला द्यायचा नसतो. लोडशेडिंगमध्ये केग गरम झाला तरी हेच होतं. खड्ड्यांच्या रस्त्यावरून आलेला केग एक दिवस थंडीत स्थिर ठेवावा लागतो. नळ अर्धवट उघडला तरी फेस वाढतो, म्हणून तो झटक्यात पूर्ण उघडायचा. पेला थंड पाण्याने विसळून ४५ अंशांत तिरपा धरायचा आणि शेवटी सरळ करून दोन बोटं फेस येऊ द्यायचा. नळ्या दर पंधरा दिवसांनी धुवायच्या. फेस अजिबातच नसला तर पेला तेलकट असण्याची शक्यता जास्त. सावजीची तर्री लागलेले हात आणि ओठ फेस मारतातच.

पेल्याचं माप पडताळायला किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. रिकामा पेला ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि काठोकाठ पाणी भरायचं. जितके ग्रॅम तितके मिली. ५०० च्या नावाने विकणाऱ्याचा पेला काठोकाठ ४४० भरत असेल तर फेसाचा प्रश्नच उरत नाही, माप आधीच कमी आहे. पेट्रोलपंपावर पाच लिटरचं माप मागता येतं, तसा शिक्क्याचा पेला मागायची पद्धत इथे पडलेली नाही. पण कबूल केलेल्यापेक्षा कमी देणं हा २००९ च्या वैध मापन कायद्याच्या कलम ३० चा विषय आहे. मूळ कायद्यात पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड आणि पुन्हा घडल्यास एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. तक्रारीसाठी मेनूकार्डाचा फोटो आणि मिलीचा आकडा छापलेलं बिल जवळ ठेवावं. माप कमी असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या वैध मापन निरीक्षकाकडे जायचं. पाणी घातलेली किंवा बनावट दारू असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे.