पिक्टोरियलिझम

छायाचित्राला चित्रकलेच्या बरोबरीचा मान मिळावा म्हणून साधारण १८८५ ते १९१५ या काळात युरोप-अमेरिकेत चाललेली चळवळ. १८८८ साली कोडॅकचा कॅमेरा आला, कोणीही बटण दाबून फोटो काढू लागले आणि ‘यात कला ती कसली?’ हा जुना आक्षेप बळावला. लंडनमध्ये लिंक्ड रिंग (१८९२), पॅरिसमध्ये फोटो-क्लब, न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांची फोटो-सिसेशन (१९०२) ही या पंथाची मंडळे. मुंबईचे शापूर भेदवार यांची नाट्यमय रचनाचित्रेही १८९० च्या दशकात लंडनच्या प्रदर्शनांत लागली.

धूसरपणा ही या छायाचित्रांची सर्वांना ठाऊक असलेली खूण. पण कलावंताचा हात खरा चाले तो छपाईत. फ्रान्सच्या रोबेर दमाशी यांनी गाजवलेली डिंक-छपाई पाहिली की हे पटते. जाड कागद आधी गरम पाण्यात भिजवून आटवतात, मग त्यावर जिलेटिनची खळ चढवतात. १०० मिलि पाण्यात सुमारे ३० ग्रॅम अरबी डिंक विरघळवून त्यात जलरंगाची पूड किंवा काजळी घोटतात. त्यात तेवढेच, डिंकाला प्रकाशसंवेदी करणाऱ्या पोटॅशियम डायक्रोमेटचे १० टक्के द्रावण मिसळून मंद पिवळ्या उजेडात पातळ थर देतात. कागद अंधारात वाळला की त्याच दिवशी वापरायचा. दमट हवेत तो अंधारातही कडक होत जातो. छापाच्याच आकाराची निगेटिव्ह वर दाबून उन्हात धरली की प्रकाश लागलेला डिंक पाण्यात विरघळेनासा होतो. मग कागद साध्या पाण्यात पालथा तरंगत ठेवायचा. अर्ध्या तासात सावल्या उरतात, बाकीचा रंग सुटतो. नको तो तपशील ओल्या कुंचल्याने पुसता येतो.

खळ कमी पडली किंवा रंग जास्त झाला तर पांढऱ्या जागी डाग राहतात. थर जाड असेल किंवा ऊन कमी मिळाले असेल तर सगळे चित्रच पोपडे धरून वाहून जाते. एका थरात सर्व छटा येत नाहीत, म्हणून तीन-चार थर द्यावे लागतात आणि दर वेळी तीच निगेटिव्ह पुन्हा तंतोतंत जुळवून छापावे लागते. निगेटिव्ह केसभर सरकली तरी कडा दुहेरी दिसतात. डायक्रोमेट विषारी आणि कर्करोगकारक आहे, हातमोज्यांशिवाय त्याला शिवू नये.

एडवर्ड स्टायकन यांनी १९०४ मध्ये टिपलेल्या न्यूयॉर्कच्या फ्लॅटआयर्न इमारतीचे प्लॅटिनम छापावर (प्लॅटिनमच्या क्षारांनी कागदावर काढलेल्या छायाचित्रावर) डिंकाचे थर दिलेले तीन छाप मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. निगेटिव्ह एकच, पण प्रत्येकाची संध्याकाळ वेगळ्या रंगाची.

१९१० साली बफेलोच्या ऑलब्राइट कलादालनाने फोटो-सिसेशनचे मोठे प्रदर्शन भरवले. तोवर खुद्द स्टीग्लिट्झ यांचे मन या हस्तकौशल्यावरून उडू लागले होते. त्यांच्या ‘कॅमेरा वर्क’ या नियतकालिकाचा १९१७ मधील शेवटचा अंक पॉल स्ट्रँड यांच्या थेट, कोरीव छायाचित्रांना दिलेला आहे.