निगेटिव्ह चाचणी आणि कोवळ्या रक्तपेशी

सायकल शर्यतींतल्या डोपिंगचा, म्हणजे बंदी असलेल्या औषधांनी ताकद वाढवण्याचा, विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘एवढ्या चाचण्या झाल्या, काही सापडलं नाही, मग माणूस दोषी कसा?’ आणि दुसरं, ‘सगळेच घेत होते ना, मग शर्यत बरोबरीचीच झाली की!’ पहिल्या वाक्यावर अमेरिकन सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगने आख्खी कारकीर्द काढली. १९९९ ते २००५ अशा सलग सात टूर द फ्रान्स, म्हणजे फ्रान्समधल्या तीन आठवड्यांच्या मोठ्या शर्यती, त्याने जिंकल्या आणि २०१२ मध्ये सातही त्याच्याकडून काढून घेतल्या गेल्या. त्याला मुख्यतः अडकवलं ते जुन्या सहकाऱ्यांच्या शपथेवरच्या साक्षींनी. बरं, ‘काही सापडलं नाही’ हेही खरं नव्हतं. १९९९ मध्येच त्याच्या लघवीत स्टेरॉइडचा अंश आढळला होता. मागची तारीख टाकलेल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर ते प्रकरण मिटवलं गेलं.

ही दोन्ही वाक्यं चूक का आहेत, हे कळायला रक्तात शिरावं लागतं.

लांब चढावर सायकलपटूला कमी पडतो तो ऑक्सिजन. तो स्नायूंपर्यंत पोचवतं तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिन. त्याचा एक ग्रॅम साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन धरतो. (‘ऑक्सिजनयुक्त पाणी’ पिऊन दम वाढतो म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं: अशा लिटरभर पाण्यात जितका ऑक्सिजन असतो, त्याहून जास्त आपण नुसते बसून मिनिटभरात संपवतो. शिवाय पोट म्हणजे फुप्फुस नव्हे.) तांबड्या पेशी वाढवण्याचा हुकूम सुटतो मूत्रपिंडातून. तिथे ऑक्सिजन कमी पडला की एरिथ्रोपोएटिन, म्हणजे ईपीओ, हे संप्रेरक रक्तात येतं आणि हाडांतली मज्जा जोमाने पेशी बनवू लागते. मूत्रपिंडं निकामी झालेल्या रुग्णांसाठी कृत्रिम ईपीओला १९८९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पुढच्या दहा वर्षांत ते शर्यतीतल्या संघांच्या गाड्यांमध्ये पोचलं होतं. १९९८ ची टूर सुरू होण्याच्या तोंडावर फेस्टिना संघाची गाडी बेल्जियम-फ्रान्स सीमेवर अडवली गेली, तेव्हा जगाला ते दिसलं.

कृत्रिम ईपीओ लघवीत ओळखण्याची चाचणी तेव्हा नव्हती. म्हणून सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, यूसीआयने, १९९७ मध्ये आडमार्ग काढला. रक्तात तांबड्या पेशींचा वाटा, म्हणजे हेमॅटोक्रिट, ५० टक्क्यांच्या वर गेला की गडी काही दिवस बाहेर. १९९९ च्या जिरो द’इटालियात, म्हणजे इटलीतल्या मोठ्या शर्यतीत, आघाडीवर असलेल्या इटालियन सायकलपटू मार्को पान्तानीला शर्यत संपत आली असताना याच नियमाने घरी जावं लागलं.

पण नियमाचा परिणाम काय झाला बघा. ज्याचं हेमॅटोक्रिट मुळात ४२ आहे, त्याला औषधाने आठ अंकांची चढाई करता येते. जो जन्मतःच ४८ वर आहे, त्याला फक्त दोनची. फायदा सारखा नाहीच. त्यात कोणाचं शरीर औषधाला किती दाद देतं आणि कोणाचा डॉक्टर किती तरबेज, हेही आलं. बरोबरीची शर्यत ही निव्वळ भाबडी समजूत आहे. शिवाय हेमॅटोक्रिट हे प्रमाण आहे, साठा नव्हे. तपासनीस दाराशी आले की शिरेतून मिठाचं पाणी चढवायचं. पेशी तेवढ्याच, पण टक्केवारी खाली.

२००० मध्ये कृत्रिम ईपीओ ओळखणारी लघवीची चाचणी आली. त्यावर उतारा म्हणून रात्री शिरेतून अगदी थोडा डोस सुरू झाला, सकाळपर्यंत माग पुसट. काहींनी सरळ स्वतःचंच रक्त काढून ठेवलं आणि शर्यतीत परत चढवलं. स्वतःचं रक्त परकं म्हणून कसं पकडणार?

इथे माझ्या आवडीची पेशी येते, रेटिक्युलोसाइट. ही मज्जेतून नुकतीच बाहेर पडलेली कोवळी तांबडी पेशी. केंद्रक गमावलेलं, पण आत आरएनएचे अवशेष अजून शिल्लक; ते रंगवले की मोजता येतात. एक-दोन दिवसांत अवशेष जातात आणि पेशी पक्की होते. निरोगी माणसात असं कोवळेपण साधारण एक टक्का पेशींत असतं. म्हणजे हिमोग्लोबिन सांगतं माल किती आहे, आणि रेटिक्युलोसाइट सांगतात कारखाना आत्ता किती वेगाने चाललाय. बाहेरचं रक्त चढवलं की माल तुंबतो, शरीर स्वतःचं ईपीओ कमी करतं, कोवळ्या पेशी रोडावतात. ईपीओ टोचलं की उलट, कोवळ्यांची झुंबड.

यावर एक सूत्र आहे, ‘ऑफ स्कोअर’: लिटरमागे हिमोग्लोबिनचे ग्रॅम, वजा ६० गुणिले रेटिक्युलोसाइट टक्केवारीचं वर्गमूळ. समजा हिमोग्लोबिन १५० आणि कोवळ्या १ टक्का, तर उत्तर ९०. रक्त चढवल्यावर हिमोग्लोबिन १६५ आणि कोवळ्या ०.३६ टक्के झाल्या, तर वर्गमूळ ०.६, उत्तर १२९. ईपीओ चालू असताना १५५ आणि २.२५ टक्के, तर ६५. बाटली सापडली नाही तरी आकडा बोलतो.

२००८ पासून यूसीआय याच आधारावर खेळाडूंचा ‘जैविक पासपोर्ट’ ठेवते. तुलना सरासरी माणसाशी नाही, खेळाडूच्या स्वतःच्या जुन्या नोंदींशी. प्रत्येक नव्या नमुन्यानंतर संभाव्यतेच्या गणिताने त्याच्या वैयक्तिक मर्यादा पुन्हा आखल्या जातात. यात एक खाचही आहे. तीन आठवड्यांच्या शर्यतीत रक्तद्रव, म्हणजे रक्तातला पेशींशिवायचा पातळ भाग, वाढतो, त्यामुळे हिमोग्लोबिन आपसूक खाली येतं. ते तसंच टिकून राहिलं, तर तज्ज्ञांच्या भुवया उंचावतात.

तरी पासपोर्ट हिमोग्लोबिनचं प्रमाणच मोजतो. एकूण साठा मोजायचा तर कार्बन मोनॉक्साइड थोडासा हुंगवावा लागतो; तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, त्यावरून हिशेब लागतो. पण तोच वायू पुन्हा पुन्हा हुंगला, तर शरीराला ऑक्सिजन कमी पडल्याचा भास होऊन तांबड्या पेशी वाढू शकतात. मोजण्याचं साधनच फसवणुकीचं होऊ नये आणि विषारी वायूशी कोणी घरी खेळू नये, म्हणून फेब्रुवारी २०२५ पासून यूसीआयने वैद्यकीय केंद्राबाहेर तो हुंगण्यावर बंदी घातली आहे.