कड्यांजवळील लघुचंद्रांचा शोध

शनी, युरेनस यांसारख्या ग्रहांच्या कड्यांलगत फिरणारे, थेट न दिसणारे छोटे चंद्र कड्यांतील खुणांवरून हुडकण्याची पद्धत. शनीच्या कड्यांच्या झगझगाटात काही किलोमीटरांचा चंद्र सहज हरवतो. त्याने आसपासच्या कणांत केलेली ढवळाढवळ मात्र बरीच दूरवर दिसते.

सर्वांत बोलके उदाहरण शनीच्या पॅन या चंद्राचे. शनीच्या ‘ए’ कड्यात सुमारे ३२५ किमी रुंदीची एन्के फट आहे. तिचे काठ नागमोडी आहेत, तेव्हा आत एखादा चंद्र असला पाहिजे, असे जेफ्री कझी आणि जेफ्री स्कार्गल यांनी १९८५ मध्ये मांडले. फटीच्या आतल्या, म्हणजे शनीकडच्या, काठावरचे कण चंद्रापेक्षा वेगाने, तर बाहेरच्या काठावरचे हळू फिरतात. चंद्राजवळून जाताना त्यांना गुरुत्वाकर्षणाचा हिसका बसतो, कक्षा किंचित लंबवर्तुळाकार होते आणि काठावर लाटा उमटतात. म्हणून आतल्या काठावर लाटा चंद्राच्या पुढे, तर बाहेरच्या काठावर त्याच्या मागे असतात. गंमत अशी, की लाटेची लांबी चंद्र किती जड आहे यावर ठरत नाही. काठापासून चंद्राच्या कक्षेपर्यंतच्या अंतराच्या ती सुमारे साडेनऊ पट (३π) असते. एन्के फटीत साधारण १,५०० किमी. वस्तुमान कळते ते काठ किती आतबाहेर होतो त्यावरून. या गणिताच्या आधारे मार्क शोवॉल्टर यांनी १९९० मध्ये व्हॉयेजर-२ यानाची जुनी छायाचित्रे धुंडाळली आणि पॅन सापडला. १९८१ पासून तो संग्रहातच होता!

कॅसिनी यानाला २००५ मध्ये कीलर या दुसऱ्या फटीत डॅफ्निस हा चंद्र सापडला. तो जेमतेम ८ किमीचा, पण काठावरच्या त्याच्या लाटा ठळक. २००९ मध्ये शनीच्या विषुवकाळात सूर्यकिरण कड्यांना जवळजवळ समांतर आले, तेव्हा ‘बी’ कड्यातला काहीशे मीटरांचा एक लघुचंद्र केवळ त्याच्या लांब सावलीमुळे उघडकीस आला. पॅन आणि डॅफ्निस यांच्याहून बरेच लहान पिंड पूर्ण फट पाडू शकत नाहीत. त्यांच्या दोन्ही बाजूंना विमानाच्या पंख्यासारखी आकृती तेवढी उठते. अशा आकृत्या २००६ मध्ये प्रथम नोंदल्या गेल्या.

युरेनसचे कोडे अजून सुटलेले नाही. व्हॉयेजर-२ च्या १९८६ मधील नोंदी २०१६ मध्ये पुन्हा तपासल्यावर आल्फा आणि बीटा कड्यांत लाटा आढळल्या. त्यांवरून ४ ते १४ किमी व्यासाच्या दोन चंद्रांचा अंदाज बांधला गेला. २०२५ मध्ये जेम्स वेब अवकाश दुर्बिणीला सुमारे १० किमीचा नवा चंद्र दिसला खरा, पण तो या कड्यांपासून बराच बाहेर, ऑफेलिया आणि बियांका या युरेनसच्या चंद्रांच्या कक्षांदरम्यान फिरतो.