प्रभात फिल्म कंपनी

कोल्हापुरात १ जून १९२९ रोजी स्थापन झालेली आणि १९३३-३४ मध्ये पुण्यात स्थलांतरित झालेली चित्रपटसंस्था. कलकत्त्याची न्यू थिएटर्स आणि मुंबईची बॉम्बे टॉकीज यांच्या जोडीने भारतातील स्टुडिओ-युगाची ही तिसरी मोठी संस्था. विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे पाच संस्थापक. पहिले चौघे बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत हात घासून तयार झाले होते. कुलकर्णी हे सराफ. पैशाची बाजू त्यांनी उचलली. तुतारी फुंकणारी स्त्री हे संस्थेचे बोधचिन्ह.

प्रभातचे वेगळेपण तिच्या कामाच्या पद्धतीत होते. भागीदार हेच खातेप्रमुख असत: शांतारामांकडे दिग्दर्शन, दामल्यांकडे ध्वनिमुद्रण, फत्तेलाल ऊर्फ साहेबमामांकडे नेपथ्य आणि धायबरांकडे छायाचित्रण. नट, गायक, सुतार, रंगारी, शिंपी, रसायनशाळेतील माणसे असे सगळे महिन्याच्या पगारावर आणि एकाच आवारात काम करीत. चित्रीकरणाआधी नाटकासारख्या तालमी होत. बोलपट आला तेव्हा संगीत रंगभूमी उतरणीला लागली होती. तिथली माणसे प्रभातने आपल्याकडे घेतली. गोविंदराव टेंबे, मास्टर कृष्णराव, केशवराव भोळे यांचे संगीत आणि केशवराव दाते यांचा अभिनय यांतून रंगभूमीचा सूर पडद्यावर आला. प्रभातच्या गाण्यांना जो घरगुती, भजनाच्या जवळ जाणारा गोडवा आहे, त्याचे मूळ या देवघेवीत आहे.

पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला, आणि पुढे हा शिरस्ताच पडला. कारण सरळ व्यापारी होते. मराठी प्रेक्षक मर्यादित मुलखात आणि स्टुडिओचा खर्च मोठा. हिंदी आवृत्ती देशभर चाले आणि मराठीचा भार हलका करी. सेट तेच राहत, पण नट काही वेळा बदलत. ‘अमृतमंथन’मधला (१९३४) राजगुरू मराठीत केशवराव दात्यांनी केला, हिंदीत चंद्रमोहन यांनी. पडदाभर दिसणारा चंद्रमोहन यांचा डोळा पुष्कळांच्या आठवणीत चित्रपटापेक्षाही जास्त टिकला. सगळेच प्रयोग साधले असे मात्र नाही. ‘सैरंध्री’ (१९३३) रंगीत करण्यासाठी जर्मनीपर्यंत धाव घेतली गेली, पण रंग काही जमले नाहीत.

‘संत तुकाराम’ (१९३६) हे प्रभातचे सर्वांत मोठे यश. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, म्हणजे मूळचे तंत्रज्ञ. पटकथा शिवराम वाशीकरांची. तुकारामांच्या भूमिकेतील विष्णुपंत पागनीस हे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे नट. आवलीचा संसार, तिची म्हैस, तुकोबांचे अभंग आपलेच म्हणून सांगणाऱ्या सालोमालोची नक्कल या सगळ्यांत गाव खरे वाटते; म्हणून शेवटचे विमानही पटते. मुंबईत एकाच चित्रपटगृहात तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. स्टुडिओ लोकांच्या मनात किती खोल उतरतो, याचा याहून चांगला दाखला मिळणे कठीण: या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेले ‘आधी बीज एकले’ आजही कित्येक लोक तुकोबांचाच अभंग समजून म्हणतात.

सामाजिक चित्रपटांची बाजू शांतारामांनी सांभाळली. ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवरील ‘कुंकू’ (१९३७) हा जरठ-बाला विवाहाला नकार देणाऱ्या नीरेचा चित्रपट. त्यात पार्श्वसंगीत नाही; घड्याळाचे ठोके आणि घरातलेच आवाज ते काम करतात. हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांच्या ‘शेजारी’त (१९४१) गजानन जागीरदारांनी मिर्झाची भूमिका केली, तर हिंदी ‘पडोसी’त हिंदू ठाकूर मझहर खान यांनी रंगवला. ही अदलाबदल अर्थातच जाणूनबुजून केलेली.

पगारी शिस्तीला दुसरी बाजूही होती. पडद्यावरची नीरा म्हणजे शांता आपटे. त्यांनीच १९३९ मध्ये कराराच्या वादातून प्रभातच्या फाटकाशी उपोषण केले. करारात बांधलेली नटी पडद्यावर बंड करून टाळ्या मिळवते आणि फाटकाबाहेर उपाशी बसते, हे चित्र स्टुडिओच्या गौरवकथांत फारसे येत नाही. बालगंधर्वांचे प्रभातशी नातेही टिकले नाही. ‘धर्मात्मा’त (१९३५) ते पुरुषवेषात, संत एकनाथ म्हणून, दिसले; पण कॅमेऱ्यासमोर तुकड्या-तुकड्यांनी काम करणे आणि ‘वन्स मोअर’ न मिळणे या नटसम्राटाला रुचणारे नव्हतेच. या चित्रपटाचे आधीचे नाव ‘महात्मा’. गांधीजींची सावली नको म्हणून सेन्सॉरने ते बदलायला लावले.

शांताराम १९४२ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी मुंबईत परळला राजकमल कलामंदिर उभे केले. युद्धकाळात कच्च्या फिल्मवर सरकारी नियंत्रण आले. त्याच सुमारास काळा पैसा घेऊन उतरलेले निर्माते चित्रपटागणिक नट उचलू लागले, आणि महिन्याचा पगार देणाऱ्या स्टुडिओंना त्या रकमा झेपेनात. ‘रामशास्त्री’ (१९४४) हा प्रभातचा अखेरचा मोठा चित्रपट. दामले १९४५ मध्ये वारले. तरीही उमेदवारीची शाळा चालूच होती. गुरुदत्त आणि देव आनंद यांची मैत्री इथलीच, देव आनंद यांचा पहिला चित्रपट ‘हम एक हैं’ (१९४६) हाही प्रभातचाच. पुढे तमाशापटांमुळे नाव झालेले अनंत माने इथे संकलक होते. १९५३ मध्ये कंपनी बंद पडली. तिच्या आवारात १९६० मध्ये केंद्र सरकारने चित्रपट-शिक्षण संस्था सुरू केली. प्रभातचा जुना स्टुडिओ तिथे उभा आहे आणि विद्यार्थी त्यात अजून सेट लावतात.