अर्धशक्ती व्यायाम

अर्धशक्ती व्यायाम : अंगी असलेल्या बळाच्या निम्म्या मर्यादेपर्यंतच व्यायाम करावा, हा आयुर्वेदातील व्यायाममात्रेचा नियम. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात तो ‘बलार्ध’ या नावाने येतो, तर वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायात ‘अर्धशक्ती’ हा शब्द आहे. व्यायामाचे उद्दिष्ट किती ठेवावे, ते केव्हा वाढवावे आणि केव्हा खाली आणावे, या प्रश्नांचे उत्तर हा नियम आकड्यांत न देता शरीराच्या खुणांत देतो आणि त्यामुळेच तो आजही उपयोगी पडतो.

निम्मे बळ ओळखण्याची सुश्रुताची खूण अशी, की व्यायाम करताना हृदयस्थ वायू मुखाशी येऊ लागला, म्हणजे माणसाला तोंडाने श्वास घ्यावा लागला, की तेथे थांबावे. काख, कपाळ, नाक आणि हातापायांचे सांधे यांवर घाम येणे व तोंडाला कोरड पडणे, या खुणांची भर परंपरेत पुढे पडली. पुण्यातील पर्वतीच्या १०३ पायऱ्या रोज चढू लागलेल्या पन्नाशीच्या माणसाचे उदाहरण घेता येईल. पहिल्या आठवड्यात साठाव्या पायरीच्या सुमारास त्याचे तोंड उघडते, कपाळ ओले होते, ओठ सुकतात आणि सोबत्याच्या प्रश्नाला तो नुसती मान हलवून उत्तर देतो. त्याने त्या दिवशी तेथूनच मागे फिरावे. नेम न मोडता दोन महिने गेले, की तीच खूण त्याला माथ्याजवळ भेटते, आणि मध्येच ताप येऊन गेला, तर ती पुन्हा चाळिसाव्या पायरीवर उतरते. त्याने नियम एकदाही बदललेला नसतो. बळ वाढले तसे त्याचे अर्धही वाढले आणि बळ घटले तसे तेही घटले. ठरावीक संख्येचे उद्दिष्ट आजारपणाची किंवा जागरणाची दखल घेत नाही, ती दखल या नियमात आपोआप घेतली जाते.

व्यायाम ठरवण्यापूर्वी वय, बळ, शरीर, देश, काळ आणि आहार या सहा गोष्टी पाहाव्यात, नाहीतर रोग होतो, असे सुश्रुत बजावतो. ऋतूंबाबत मात्र दोन्ही ग्रंथांत फरक आहे. सुश्रुत सर्व ऋतूंत रोज अर्ध्या बळाने व्यायाम करण्यास सांगतो; वाग्भटाच्या मते बलवान आणि स्निग्ध (तूप-तेलयुक्त) आहार घेणाऱ्यांनी थंडीत व वसंतात अर्धशक्तीपर्यंत जावे, एरवी व्यायाम हलकाच ठेवावा. महाराष्ट्राच्या हवेत वाग्भटाचे म्हणणे अधिक पटणारे आहे. उन्हाळ्यात शरीर थंड राखण्यासाठी त्वचेकडे जास्त रक्त वळवावे लागते, त्यामुळे पौषात सहज जमणारे अंतर वैशाखात चालताना हृदयाचे ठोके अधिक वाढतात. ऋतुमानाप्रमाणे उद्दिष्ट कमी करण्यास आळस म्हणणे म्हणूनच चूक आहे.

नवी सवय लावण्याचा क्रमही आयुर्वेदाच्या ग्रंथांनी सांगितला आहे. अहितकर सवय क्रमाक्रमाने सोडावी आणि हितकर सवय तशीच क्रमाने अंगी लावावी, असे चरकसंहितेत चरक सांगतो व त्या क्रमाला ‘पादांशिक’, म्हणजे एकेका चतुर्थांशाचा, म्हणतो. वाग्भट एक चतुर्थांशाने किंवा त्याच्याही चतुर्थांशाने, म्हणजे सोळाव्या हिश्शाने, पुढे जाण्याची मुभा देतो आणि टप्प्यांमध्ये एक, दोन, तीन दिवसांचे अंतर ठेवतो. बारा सूर्यनमस्कारांचा नेम धरू इच्छिणाऱ्याने तीनपासून आरंभ करावा, असा याचा व्यवहारातील अर्थ घेता येतो. वर्षभर सतरंजीही न उलगडता रथसप्तमीला एकदम १०८ नमस्कार घालणे या क्रमात बसत नाही, आणि त्यानंतर आठवडाभर मांड्या धरून बसण्याची पाळी आली, की नेम सुरू होण्याआधीच मोडतो. क्रमाने मिळवलेले गुण ढळत नाहीत आणि क्रमाने घालवलेले दोष परतत नाहीत, असे चरकाने पुढे म्हटले आहे.

अतिव्यायामाचे परिणाम म्हणून वाग्भट तहान, क्षय (शरीर झिजणे), दम लागणे, रक्तपित्त (रक्तस्रावाचा विकार), थकवा, खोकला, ताप आणि उलटी यांची नोंद करतो; व्यायाम, जागरण, प्रवास यांचा अतिरेक करणारा माणूस हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाप्रमाणे नाश पावतो, ही उपमाही तो देतो.

बोलता येते पण गाता येत नाही, तो मध्यम श्रम, ही आधुनिक व्यायामशास्त्रातील बोलण्याची कसोटी सुश्रुताच्या खुणेच्या बरीच जवळ जाते. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० अंकांची श्रममापनपट्टीही माणसाला स्वतःला जाणवणाऱ्या श्रमावरच आधारलेली आहे. याउलट रोज १०,००० पावलांचे उद्दिष्ट १९६५ मध्ये जपानात विक्रीस आलेल्या ‘मानपो-केई’ या पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाले. त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचे मापक’ असा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम सुचवला. हे माप आठवड्याच्या बेरजेचे आहे, अर्धशक्ती ही त्या त्या दिवसाची मर्यादा आहे, आणि दोन्ही एकत्र पाळता येतात.

या नियमाला मर्यादाही आहेत. नाक चोंदलेल्या किंवा दमेकरी माणसाला श्वासाची खूण फसवते. आखाड्यातील पैलवानाला किंवा स्पर्धेतील धावपटूला काही दिवस अर्ध्या बळाच्या पलीकडे जावेच लागते, कारण सवयीपेक्षा अधिक भार पडल्याशिवाय स्नायूंची ताकद वाढत नाही. अशांच्या बाबतीत कष्टाच्या दिवसांमागून विश्रांतीचे दिवस लावणे हाच समतोल ठरतो. बालक, वृद्ध आणि अजीर्ण झालेल्यांनी व्यायाम टाळावा, असे वाग्भट म्हणतो. त्यापैकी पहिल्या दोघांबाबतचा निषेध आज बाजूला ठेवावा लागतो : ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे हालचाल आणि पासष्टीपुढील व्यक्तींना आठवड्यातून तीन दिवस तोल व ताकद राखणारे व्यायाम जागतिक आरोग्य संघटनेने सुचवले आहेत. खुर्चीची पाठ धरून आठ वेळा उठबस केल्यावर ज्या आजीला तोंडाने श्वास घ्यावा लागतो, तिची अर्धशक्ती त्या दिवसापुरती तेवढी असते.