नांगराची निशाणी : घराघरांतल्या कागदांनी घडवलेला इतिहास

सतराव्या किंवा अठराव्या शतकातील एखादा महजर, म्हणजे तंट्याच्या निवाड्याचा साक्षींसह लिहिलेला कागद, उलगडला, की मजकुराइतकेच लक्ष त्याच्या अखेरीकडे जाते. तेथे पाटलाच्या नावापाशी नांगर काढलेला असतो, शेट्याच्या, म्हणजे पेठेच्या वतनदाराच्या, नावापाशी तराजू आणि न्हाव्याच्या नावापाशी आरसा. इतर बलुतेदारही आपापल्या हत्याराची आकृती काढून साक्ष देतात. पाटीलकी कोणाची, शिवेचा धोंडा कोठवर, मानाचा विडा आधी कोणाला, असल्या तंट्यांचा निवाडा गोतसभेत, म्हणजे वतनदार आणि गावकऱ्यांच्या सभेत, होत असे आणि त्याला साऱ्या गावाची साक्ष लागत असे. त्यामुळे ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांचीही नावे कागदावर उतरली. महाराष्ट्रातील सामान्य माणसाच्या इतिहासाचे बरेचसे साधन अशा भांडणांच्या पोटी जन्माला आले आहे.

हे कागद सरकारी कचेरीत न राहता घरांत का राहिले, याचे उत्तर वतनपद्धतीत आहे. कुलकर्णी, देशपांडे, पाटील, देशमुख ही पदे वंशपरंपरेने चालत असल्यामुळे गावचे किंवा परगण्याचे दप्तर आणि घरचे दप्तर यांत फारसा फरक उरत नसे. कागद गेला तर हक्क गेला, या जाणिवेने तो रुमालात बांधून पिढ्यान्‌पिढ्या जपला जाई. (येथे रुमाल म्हणजे दप्तर गुंडाळण्याचे चौकोनी फडके, पुढे त्यात बांधलेल्या गठ्ठ्यालाच रुमाल म्हणू लागले.) त्याच रुमालात जमाखर्च, कर्जरोखे, सोयरिकीची पत्रे आणि थळझाडे निघतात. थळझाडा म्हणजे गावातील जमिनींची मिरासदारांच्या, म्हणजे जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क असलेल्यांच्या, घराण्यांनुसार केलेली नोंद. तिच्यात 'गतकूळ' असा शेरा असलेली थळे येतात, म्हणजे ज्यांचे वारस उरले नाहीत अशा कुळांच्या जमिनी. 1630 ते 1632 या वर्षांतील दुष्काळासारख्या आपत्तींनी गावे कशी ओस पडत असतील, याची कल्पना एखाद्या बखरीपेक्षा असा कोरडा शेरा अधिक नेमकी देतो.

इतिहासकारांची नजर या कागदांकडे वळायला मात्र बराच काळ जावा लागला. साताऱ्यास रेसिडेंट राहिलेल्या ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास 1826 साली प्रसिद्ध झाला आणि पुढे दीर्घकाळ तोच प्रमाण मानला गेला. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी 1867 मध्ये त्याच्यावर टीका केली, तेव्हा मराठी साधने मराठी माणसांनीच शोधली पाहिजेत, हा विचार रुजू लागला. 1878 मध्ये 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक निघाले आणि बखरी व पत्रे छापली जाऊ लागली. मिरजेला वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरांवर 'ऐतिहासिक लेखसंग्रह' उभा केला.

सगळ्यांत मोठे दप्तर, म्हणजे पेशव्यांचे, इंग्रज सरकारच्या ताब्यात होते आणि अभ्यासकांना ते सहजी खुले नव्हते. ते नीट खुले झाले 1929 नंतर, गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे संपादनाचे काम आल्यावर, आणि त्यातून 45 भाग निघाले. आधीच्या पिढीपुढे हे दार बंद असल्यामुळे तिला लोकांच्या घरांकडे वळावे लागले. ही अडचण, माझ्या मते, मराठी इतिहासलेखनाच्या पथ्यावरच पडली. दप्तर आरंभीच हाती आले असते, तर स्वाऱ्या आणि तहनामे यांतच कित्येक वर्षे गेली असती.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे मोठेपण येथे आहे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड 1898 साली निघाला. त्यात 1750 ते 1761 या काळातील, पानिपतापर्यंतची पत्रे होती. पुढे या मालेचे 22 खंड झाले आणि त्यांतील काहींत राजकारणाच्या पत्रांबरोबर गावोगावच्या घराण्यांचे महजर, निवाडे आणि वतनपत्रेही आली. राजवाडे कागदांसाठी गावोगाव हिंडले. 1852 च्या कायद्याने इनामांचे हक्क तपासणाऱ्या इनाम कमिशनला बळ मिळाल्यावर इनामदारांची सनदांवरून कसून तपासणी झाली होती, त्यामुळे घरचा कागद परक्याच्या हाती देण्याची लोकांना धास्ती वाटे, हे स्वाभाविकच होते. असे गोळा होणारे कागद नीट राहावेत आणि त्यांची चर्चा व्हावी, म्हणून 7 जुलै 1910 रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात वारले आणि त्यांचा संग्रह सांभाळण्यासाठी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले.

याच सुमारास गाव हाच अभ्यासाचा विषय होऊ लागला. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' या 1915 च्या ग्रंथात बलुतेदारांबरोबर फिरस्त्या जमातींचीही दखल आहे, तर नारायण गोविंद चापेकर यांनी बदलापूर या एकाच गावावर सबंध पुस्तक लिहिले.

या साधनांची मर्यादाही वतनातच आहे. ज्याच्याकडे वतन त्याच्याकडे कागद. ज्याला हक्क मोठा त्याचे दप्तर मोठे. महार वतनदार होते, महजरावर त्यांची निशाणीही येते, पण दप्तर त्यांच्या घरी नव्हते आणि वतन म्हणजे बहुतांशी राबणे होते. त्या वतनाच्या कायद्यात बदल व्हावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. पुढे कुलकर्णी वतने 1950 च्या कायद्याने रद्द झाली. हक्क गेला तसा कागदाचा उपयोगही गेला. त्याच काळात मोडी लिपीही व्यवहारातून हटली आणि नातवाला आजोबाचे अक्षर लागेना. कित्येक रुमाल माळ्यावर वाळवीने खाल्ले.

महजरावर जवळजवळ न दिसणाऱ्या बायकांचे साधन वेगळे आहे, ते जात्यावरचे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुणे जिल्ह्यातील मावळ-मुळशीच्या बाजूने सुरुवात करून अनेक जिल्ह्यांतील हजाराहून अधिक गावांमधून एक लाखावर ओव्या जमवल्या. त्यांत माहेर आणि पंढरी आहे, तसेच बाबासाहेबही आहेत. पिठाच्या गिरण्या गावोगाव पोचल्या तशी जाती थांबत गेली होती, तेव्हा हे काम वेळेत झाले म्हणायचे. या संग्रहात ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि तिचे गाव नोंदलेले आहे.